आर्ट थेरपीची नुसती पदवी पुरेशी नाही

आपल्या शैक्षणिक पुरवणीतील बारावीनंतरच्या नव्या वाटांविषयीच्या लेखात आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्रांसारख्या कलेच्या माध्यमातून केल्या जाणाऱ्या मानसोपचाराचा, समावेश पाहून बरे वाटले. मात्र पदवी हाती पडली की थेट रुग्ण पाहता येतात, असा समज त्यातून होतो. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण आणि नोंदणी यांशिवाय ती लावता येत नाही. अमेरिकेतही हा व्यवसाय पदव्युत्तर पदवीनंतरच सुरू होतो. पदवीच्या वर्षांत चित्रकला आणि मानसशास्त्र या दोन्हींचा पाया घालून घ्यायचा असतो.

त्याला कारण आहे. एखाद्या मुलाने घर काढले आणि त्याला दारच ठेवले नाही, तर अर्धवट शिकलेला माणूस ‘मूल एकलकोंडे आहे’ असे सांगून मोकळा होतो. मुरलेला थेरपिस्ट ‘या घरात कोण राहतं?’ एवढेच विचारतो आणि गप्प बसतो. ते गप्प बसणे जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करूनच अंगवळणी पडते. (इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतली ‘ए’ ग्रेड इथे फारशी उपयोगाची नाही!)

आपल्याकडे सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत कला आणि नृत्य थेरपिस्टचा उल्लेख आहे. तेव्हा प्रवेशाआधी पालकांनी महाविद्यालयाला विचारावे : रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम किती तास, देखरेख कोणाची आणि पुढे नोंदणीचे काय? लेखात फी आणि पगाराचे आकडे होते. ही माहितीही पुढच्या पुरवणीत द्यावी.

– एक समुपदेशक, सातारा