आयुक्त साहेब, सुरुवात टिप्परपासून करा

मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका, यांस,

सप्रेम नमस्कार.

सरकारी गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची नोंदणी वाढवून मिळत नाही. केंद्राचा हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तो महापालिकांनाही बंधनकारक आहे. म्हणजे जुन्या गाड्या आज ना उद्या भंगारात जाणार आणि त्यांच्या जागी नव्या घ्याव्याच लागणार. आज डिझेलची गाडी घेतली तर ती पुढची पंधरा वर्षं याच पेठांमधून धूर सोडत फिरेल. म्हणून नवी निविदा निघण्याआधीच हे पत्र लिहितो आहे.

विजेच्या गाड्यांचा विषय निघाला की चर्चा बसवर येऊन थांबते. पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरला १०० बस मंजूर झाल्या, हे चांगलंच झालं. पुण्यात पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून रस्त्यावर आहेत, तेव्हा हा प्रयोग आता नवा राहिलेला नाही. पण या योजनेत बस ठेकेदाराच्या असतात आणि किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे असतात. महापालिकेच्या स्वतःच्या ताफ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. अधिकाऱ्यांच्या मोटारी विजेच्या केल्या तर फोटो चांगला येईल, धूर मात्र फारसा कमी होणार नाही. माझ्या मते पहिला मान घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या छोट्या गाडीचा, म्हणजे टिप्परचा आहे.

शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या कुठल्याही बोळात सकाळी उभं राहून पाहा. डिझेलचा टिप्पर दहा पावलं पुढे जातो, थांबतो, बादल्या रिकाम्या होतात, पुन्हा दहा पावलं. इंजिन सारखं बंद-चालू करणं ड्रायव्हरला परवडत नाही, त्यामुळे ते चालूच राहतं. मागच्या बाजूला सफाई कर्मचारी ओला-सुका कचरा वेगळा करत उभा असतो आणि सायलेन्सर त्याच्या गुडघ्याजवळ असतो. बादली घेऊन आलेल्या बायका आणि शाळेला निघालेली पोरंही त्याच धुरात. बोळ अरुंद, दोन्हीकडे घरं, धूर जाणार कुठे? हवा बिघडलेल्या शहरांच्या केंद्राच्या यादीत कोल्हापूरचं नाव आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातून त्यासाठी निधीही मिळतो. तो रस्ते धुण्यावर आणि कारंज्यांवर किती आणि धूर सोडणाऱ्या गाड्या बदलण्यावर किती खर्च होतो, हे एकदा लोकांपुढे मांडा.

टिप्परचं काम विजेच्या गाडीला जणू मापून दिल्यासारखं आहे. वॉर्ड ठरलेला, फेरी ठरलेली, वेग कमी, आणि मुक्काम रोज एकाच जागी. गाडी थांबली की मोटर वीज खात नाही. उलट ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत जाते. डिझेलचा टिप्पर लिटरला दहा किलोमीटर देतो असं धरू. दहा किलोमीटरला एक लिटर, म्हणजे नव्वद रुपयांच्या आसपास. तेवढ्याच अंतराला विजेची छोटी मालवाहू गाडी दोन युनिट खाईल. युनिटला दहा रुपये धरले तरी वीस रुपये झाले. वीज कोळशावर होते, मग उपयोग काय, असं विचारणारे भेटतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आजच्या ग्रीडमधली दोन युनिट वापरली तर साधारण दीड किलो. म्हणजे कोळशाची वीज धरूनही निम्म्याजवळ. शिवाय टिप्परचं मुख्य काम दुपारपर्यंत उरकतं. चार्जिंगची वेळ ऐन उन्हाची येते. पार्किंगवर शेड घालून त्यावर सोलर पॅनेल बसवले तर गाडीला सावली मिळेल आणि वीजही.

आता अडचणी. विजेच्या गाडीची खरेदी महाग पडते आणि आपली निविदा सर्वांत कमी किमतीवर सुटते. ही अट बदलल्याशिवाय काही होणार नाही. खरेदी, इंधन, दुरुस्ती, बॅटरीची वॉरंटी असा आयुष्यभराचा खर्च मांडून तुलना करा. टिप्परमध्ये कचऱ्याचं आंबट पाणी गळतं, गाडी प्रेशरने धुतली जाते. तेव्हा बॅटरी, मोटर आणि वायरिंग पाणी आत न शिरणारं हवं, हे निविदेत स्पष्ट लिहा. आणि वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांना गाड्या येण्याआधी शिकवा, नंतर नाही. उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत ज्या गावात आहे तिथे हात कमी पडायचं कारण नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट महापुराची. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. महामार्ग बंद पडला, महावितरणची उपकेंद्रं पाण्यात गेली. म्हणून चार्जिंगची जागा पूररेषेच्या बाहेर आणि उंचावर हवी, यात तडजोड नको. अग्निशमनच्या गाड्या, जेसीबी, पुरात लोकांना काढणारी वाहनं इतक्यात विजेवर नेऊ नका, त्यांचं डिझेल राखून ठेवा. आणि हेही लक्षात घ्या की महामार्ग बंद झाला की डिझेलचा टँकर येत नाही. त्या दिवसांत शेडच्या छतावरच्या सौर विजेवर चालणारे थोडे टिप्पर जरी फिरत राहिले तरी पूर ओसरल्यावर गल्लीगल्लीत साचणारा चिखल-कचरा उचलायला हात मिळेल.

कचरा दाबून नेणाऱ्या मोठ्या कॉम्पॅक्टर गाड्यांसाठी वीज आज कदाचित परवडणार नाही. तिथे ओल्या कचऱ्यापासून बनणाऱ्या गॅसचा विचार करावा. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या गॅसवर शहरबस चालतात. आपलं शहर लहान आहे, प्रकल्पही लहान लागेल. पण कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर डोंगर वाढवत बसण्यापेक्षा तो बरा. त्यासाठी ओला कचरा घरातच वेगळा झाला पाहिजे आणि ते काम आम्हा नागरिकांचं आहे.

माझी मागणी एवढीच. महापालिकेच्या प्रत्येक गाडीची यादी संकेतस्थळावर टाका : कोणत्या वर्षाची, कोणत्या इंधनावर, महिन्याला किती किलोमीटर, किती लिटर, कधी मोडीत निघणार. यापुढे घेतला जाणारा प्रत्येक टिप्पर विजेचाच असेल, असा ठराव करा. आणि पहिल्या निविदेच्या अटी अंतिम करण्याआधी पंधरा दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुल्या ठेवा. त्या अटी वाचायला आणि लेखी सूचना द्यायला आमच्या पेठेतून माणसं येतील, मीही येईन.

आपला,
एक करदाता
शिवाजी पेठ, कोल्हापूर