बंड्या, तुझ्या त्या प्रश्नाबद्दल

प्रिय बंड्या,

सप्रेम सलाम. परवा फोनवर तू जे विचारलंस त्याला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. स्पीकर चालू होता, मागे वहिनी आणि पोरं होती, आणि चिडलो की माझी जीभ कशी सुटते ते तुला शाळेपासून माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो. लांबलं तर दोन हप्त्यांत वाच.

तुझं म्हणणं असं, की अमेरिकेतल्या शीखांवर मुसलमान समजून हल्ले होतात, तर त्यांनी सरळ सांगून मोकळं व्हावं, "आम्ही मुसलमान नाही." गुरुद्वाऱ्यावर तशी पाटी लावावी. आणि तुम्ही मशिदीवाले त्यांच्या शोकसभेत जाऊन उभे राहता, त्याने त्यांचं भलं होण्याऐवजी नुकसानच होतं. तू हे वाईट हेतूने बोलला नाहीस, ते मला कळतं. इथे माझ्या ऑफिसातही दोघा-तिघांनी अगदी हेच, फक्त जरा गोड शब्दांत विचारलं होतं.

आधी ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यातल्या गोळीबाराचं सांगतो, कारण तुझ्याकडे ती बातमी दोन दिवस चालली आणि संपली. ओक क्रीक म्हणजे इथे विस्कॉन्सिन राज्यात, मिल्वॉकी शहराच्या दक्षिणेला लागून असलेलं गाव. आमच्या घरापासून गाडीने फार तर वीस मिनिटं. ५ ऑगस्ट २०१२, रविवार, सकाळचे साडेदहा वाजत आलेले. गुरुद्वाऱ्यात लंगरचा स्वयंपाक चालू होता. अंगणात दोन लहान भावंडं खेळत होती. गाडीतून उतरलेला माणूस गोळ्या झाडतोय हे त्यांनी पाहिलं, आणि ती लपायच्या आधी आत धावली, मोठ्यांना सांगायला. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या बायका कोठीच्या खोलीत शिरून दार लावून बसू शकल्या. बाहेर शेगड्या तशाच पेटलेल्या.

सहा माणसं गेली. गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका हाताला लागली ती बोथट सुरी घेऊन त्याच्या अंगावर गेले होते. प्रकाशसिंग ग्रंथी, म्हणजे गुरुग्रंथाचा पाठ करणारे होते, त्यांची बायको-मुलं काही आठवड्यांपूर्वीच भारतातून येऊन पोचली होती. सुवेगसिंग खट्टरा चौऱ्याऐंशी वर्षांचे. परमजीत कौर, रणजितसिंग, सीतासिंग. बाबा पंजाबसिंग तेवढे वाचले म्हणायचे, पण अंथरुणाला खिळले ते कायमचे, आणि २०२० मध्ये त्याच जखमांपायी गेले. ब्रायन मर्फी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला पंधरा गोळ्या लागल्या. सहकारी मदतीला आले तर त्याने हातानेच खुणावलं, आधी आत जा. तो वाचला.

मारणारा वेड मायकल पेज. एकेकाळी लष्करात होता, नंतर गोऱ्यांच्या वर्चस्वाची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये. पोलिसांची गोळी लागल्यावर त्याने स्वतःच्या डोक्यात गोळी घातली. आता इथे नीट लक्ष दे. त्याने चिठ्ठी ठेवली नाही. एफबीआयने महिनोन्महिने तपास केला आणि नेमकं कारण हाती लागलं नाही असं सांगून फाइल बंद केली. तरी त्याच संध्याकाळी टीव्हीवर छातीठोकपणे चालू झालं होतं, बहुधा त्याने यांना चुकून मुसलमान समजलं असावं.

बंड्या, मी ते घरात सोफ्यावर बसून ऐकत होतो. रमजान चालू होता, रोजा होता, घसा कोरडा. चुकून! म्हणजे न चुकता मारायचं असतं तर पत्ता कुठला होता? आमचाच ना? बोलणाऱ्या बिचाऱ्याच्या मनात तसं काही नसेल. पण माझी बायको उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

आता तुझ्या पाटीबद्दल. ११ सप्टेंबर २००१ नंतर चार दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोलपंपाबाहेर फुलझाडं लावत होते. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी न्यूयॉर्कच्या पीडितांसाठीच्या पेटीत पाकिटातले पंचाहत्तर डॉलर टाकले होते. फ्रँक रोक नावाच्या माणसाने त्यांना गोळ्या घातल्या. मग तो तिथून निघाला, लेबनॉनी वंशाच्या एका दुकानदारावर गोळ्या झाडल्या, मग एका अफगाण कुटुंबाच्या घरावर. त्याच दिवशी तिकडे डॅलसमध्ये वकार हसन नावाचा पाकिस्तानी माणूस आपल्या दुकानात बर्गर भाजत असताना मारला गेला. मारणारा वेगळा, मार्क स्ट्रोमन. याच स्ट्रोमनने आठवड्याभराने रईस भुइयाँ या बांगलादेशी तरुणाला आधी विचारलं, "कुठला तू?" आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत तोंडावर गोळी झाडली. पोरगा जगला, एक डोळा गेला. ऑक्टोबरात स्ट्रोमनने आणखी एकाला मारलं. वासुदेव पटेल. गुजराती हिंदू, पेट्रोलपंप चालवणारा.

सांग, पटेलांनी कुठली पाटी लावायला हवी होती?

पाटी वाचायला तो माणूस थांबत नाही, इतकंच मला म्हणायचं आहे. आणि शीखांना हे माझ्याही आधी कळलं होतं. २००१ पासून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ठरवून ती सोपी पळवाट घेतली नाही. आम्ही कोण आहोत ते सांगू, पण "आम्ही ते नव्हे" असं म्हणून बोट शेजाऱ्याकडे करणार नाही, अशी त्यांची भूमिका. सगळ्यांनी असं केलं असं नाही हं. काहींनी मोटारीवर झेंडे लावले, टी-शर्टवर छापून घेतलं, काहींनी केस कापले. भीतीपोटी माणूस काय करेल त्याला मी नावं ठेवणार नाही. माझी अम्मी नांदेडहून रोज फोन करायची, "दाढी काढून टाक." मला दाढी कधी नव्हतीच! पण तिला कोण समजावणार.

तर आम्ही ओक क्रीकच्या शोकसभेला का गेलो. मुस्लिम संघटनांची निषेधाची पत्रकं हल्ल्याच्याच दिवशी निघाली, शीख बंधुभगिनींच्या पाठीशी आहोत वगैरे. पत्रकांचं मला फारसं कौतुक नाही, ती निघतातच. आमच्या मशिदीत त्या रात्री तरावीहनंतर, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजानंतर, मरण पावलेल्यांसाठी दुआ झाली, डबा फिरला. पार्किंगमध्ये एक जण हळूच म्हणाला, "अल्लाहचे आभार, आपण नव्हतो." त्याला कुणी काही बोललं नाही. कारण प्रत्येकाच्या मनात एक क्षण तेच येऊन गेलं असणार. आणि दुसऱ्याच दिवशी मिझुरीतल्या जॉप्लिनची मशीद जळून खाक झाली. महिन्याभरापूर्वी तिथे एकदा आग लावून झालीच होती. "आपण नव्हतो"ची मुदत चोवीस तासांची निघाली.

मंगळवारी संध्याकाळी ओक क्रीकमध्ये मोकळ्या मैदानावर मेणबत्त्या घेऊन सगळं गाव जमलं. हजारो माणसं होती. आमच्याकडचे आम्ही काही जण गेलो, बायका हिजाबात, त्यामुळे लांबूनही ओळखू येत होतो. मला धास्ती हीच होती जी तू बोललास, की यांना आम्ही नको असलो तर? फेटेवाले स्वयंसेवक पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होते. बघ, घरची माणसं गेली आहेत आणि पाहुण्यांना पाणी हेच वाटतायत. एका म्हाताऱ्या सरदारजींनी माझ्या हातात बाटली दिली. मी ती न उघडता धरून उभा. थोड्या वेळाने ते फिरून परत आले, बाटलीकडे बघितलं, आणि विचारलं, "रोज़ा है?" मी मान हलवली. त्यांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं, आठ वाजायला आले होते, आणि म्हणाले, "बस, थोड़ा ही रहता है।" आणि तिथेच थांबले. बाकीच्या बाटल्या एका पोराकडे दिल्या. मग बोलता बोलता कळलं, जन्म शेखूपुऱ्याचा, म्हणजे आत्ताच्या पाकिस्तानातला. शाळेत उर्दू शिकलेले, शायरी अजून पाठ. सत्तेचाळीस साली कसे आले ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा तेच म्हणाले, "हाँ जी, खोलो।"

यावरून सगळं गोड आहे असं समजू नकोस. त्याच गुरुद्वाऱ्यात नंतर लंगरला जाऊ लागलो तेव्हा एक बाई माझं नाव कळल्यावर दोन पंगती सोडून जाऊन बसल्या. त्यांच्या घरात सत्तेचाळीस साली काय झालं असेल ते कुणास ठाऊक. दोघांना मारणारा एकच निघाला म्हणून ते जुनं हिशोबातून जात नाही, आणि का जावं? मला तर वाटतं की समान शत्रूवर उभी राहिलेली मैत्री तशी स्वस्तातली. खरी कसोटी, ज्याचं तुमच्याशी वैर आहे त्याच्यासाठी तुम्ही तोंड उघडता का.

आणि त्याचं उदाहरण आपल्याला, निदान नांदेडच्या पोरांना, शोधायला जायला नको. पंजाबातल्या मलेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान. गुरू गोविंदसिंगांशी लढलेला, लढाईत भाऊ गमावलेला. सरहिंदचा मुघल सुभेदार वजीर खान, त्याने गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना भिंतीत चिणायचं फर्मान काढलं, तेव्हा भर दरबारात हा उभा राहिला आणि म्हणाला, बापाचा सूड पोरांवर काढणं इस्लामात बसत नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही. मुलं गेली. पण शीखांनी ती हाक लक्षात ठेवली. मलेरकोटल्यात "हा दा नारा" नावाचा गुरुद्वारा आहे त्याच्या आठवणीत. १९४७ मध्ये सगळा पूर्व पंजाब पेटला होता तेव्हा मलेरकोटल्यात कत्तल झाली नाही, आणि लोक आजही त्याचं कारण तीच हाक सांगतात. इतिहासकार आणखी कारणं देतील, देऊ देत.

त्याच वजीर खानाने पाठवलेले पठाण पुढे १७०८ मध्ये नांदेडला आले अशी परंपरा आहे. सातवीत मला कुणीतरी म्हणालं होतं, गुरूंना तुमच्या पठाणांनी मारलं. तू त्याच्या शर्टाची बटणं तोडली होतीस, आठवतं? गुरुजींनी दोघांनाही धुतलं. तेव्हा पंजाबातल्या माछीवाड्याच्या जंगलातून गुरूंना मुघल फौजेपासून वाचवायला पीर म्हणून पालखीत बसवून खांद्यावरून नेणारे नबी खान आणि गनी खानही पठाणच होते, हे आपल्याला ठाऊक असतं तर बटणं वाचली असती.

पत्रकं आणि मेणबत्त्या सोडून एक काम मात्र झालं, ते मला खरं वाटतं. माझं पोट तक्त्यांवर आणि रकान्यांवर चालतं, त्यामुळे असेल. द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारा जो एफबीआयचा फॉर्म, त्यात मुसलमानांचा रकाना होता, शीखांचा नव्हता. हिंदूंचाही नव्हता, हे तुझ्यासाठी. म्हणजे शीखाला मारलं तर ते कधी "इतर"मध्ये जाणार, कधी चक्क मुस्लिमविरोधी म्हणून आमच्या खात्यात! परमजीत कौरचा अठरा वर्षांचा मुलगा हरप्रीत १९ सप्टेंबर २०१२ ला सिनेटच्या समितीपुढे बसला आणि म्हणाला, माझ्या आईला निदान आकडेवारीत मोजली जाण्याचा मान द्या. आई जाऊन दीड महिना झाला होता. शीख, हिंदू, अरब, सगळ्यांच्या संघटनांनी ते लावून धरलं, आणि २०१५ पासून तिघांचेही रकाने आले. ज्यांचा रकाना आधीपासून आहे त्यांनी दुसऱ्याच्या रकान्यासाठी सही करणं, यात मेणबत्तीपेक्षा जास्त काही आहे असं माझं मत.

आणखी दोन गोष्टी सांगून थांबतो. रईस भुइयाँने, ज्याचा डोळा गेला त्याने, स्ट्रोमनची देहदंडाची शिक्षा टळावी म्हणून टेक्सासमध्ये कोर्टाची पायरी चढली. टळली नाही, २० जुलै २०११ ला दिली गेली. आणि २०१६ मध्ये बलबीरसिंगांच्या भावाने, राणासिंग सोढींनी, तुरुंगात रोकला फोन लावून सांगितलं की आम्ही माफ केलं. एक मुसलमान, एक शीख, आणि दोघांची वाट तीच. मला स्वतःला हे जमलं असतं की नाही, विचारू नकोस.

तू पुढच्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन येणार म्हणतोस ते नक्की कर, पण तिकीट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याचं काढ. ओक क्रीकमध्ये त्या सुमाराला "चढ़दी कला" नावाची सहा किलोमीटरची दौड होत आली आहे, गेलेल्या सहांसाठी. गुरुद्वाऱ्यातलं सगळं त्यांनी आठवड्याभरात स्वतः घासून, रंगवून काढलं, फक्त दाराच्या चौकटीतलं गोळीचं एक भोक तसंच ठेवलंय, तेही दाखवीन. दौडीत माझा नंबर नेहमी शेवटून लागतो, या वेळी तू आहेस म्हणून जरा आशा आहे. बूट घेऊन ये, इथले तुझ्या पायाला बसणार नाहीत. वहिनींना सलाम, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
सल्या