तुतारीची दोन तिकिटं

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरा आसा" म्हणतात आणि लगेच फोन आईकडे देतात, आई पावसाचं सांगते. म्हणून लिहायला बसले. मुद्द्याचं आधीच सांगते: पुढच्या मंगळवारी तुतारी एक्सप्रेसची कुडाळ ते ठाणे दोन तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. शुक्रवारी बाबांची इको आणि स्ट्रेस टेस्ट आहे. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर गणपतीनंतर बघू म्हणाला असता, मग दिवाळीनंतर. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं असंच झालं होतं.

आईच्या सत्तरीचं जेवण मी बिघडवलं. मासा हॉटेलचा शिळा होता, पण तोंड माझं सुटलं. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैपर्यंत, आणि मी मोठ्या हौसेने साडेसहाशेची सुरमई थाळी मागवली! "बंदीत ताजी सुरमय खंयची गो?" असं आई कार्ड बघतानाच पुटपुटली होती. बर्फातली तुकडी, कापसासारखी भुगा होणारी. सोलकढीला रंग होता, कोकमाचा आंबटपणा नव्हता. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ शोधून सापडलं नाही. आईने मुकाट्याने भात आणि लोणचं खाल्लं, ते बघून माझं डोकं फिरलं. मॅनेजरला बोलावलं, बिल देणार नाही म्हटलं, आणि बाबा म्हणाले, "जावंदे गो, वाढणारो पोरगो नवीन आसा, त्याच्या पगारातून कापतीत."

तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुमच्या विश्वनाथनेही जाऊ दे म्हटलं, म्हणून आपण दहा विकेटनी हरलो."

बाबा, तुम्ही 1980ची ती ज्युबिली टेस्ट वानखेडेवर बसून बघितलीत, गोदीतली रजा टाकून, हे मला पाठ आहे. इंग्लंड 5 बाद 58, बॉब टेलरला बाद दिलेलं, आणि आपला कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमने 171 जोडल्या. तुम्ही त्या पराभवाचं कौतुक करता, मला तो आजही पटत नाही. लॉर्ड्सवर दीप्तीने चेंडू न टाकता नॉन-स्ट्रायकर चार्ली डीनला धावबाद केलं तेव्हाही आपलं असंच झालं होतं. तुम्ही दोन दिवस "बरा नाय केल्यान" म्हणत होता. चेंडू हातातून सुटायच्या आधी क्रीज सोडणारीने पाऊल आत ठेवावं, एवढंच माझं म्हणणं. पुढच्याच आठवड्यात, 1 ऑक्टोबर 2022 पासून, नियमातही ते 'गैरखेळा'तून काढून साध्या धावबादमध्ये घातलं. पण हे सगळं हॉटेलात, आईच्या वाढदिवशी, वेटरसमोर उगाळायचं नव्हतं.

तुम्ही ताटावरून उठलात, 1981ला मेलबर्नला बाद दिल्यावर गावसकर चौहानला घेऊन रागाने निघाले तसे. आणि आई दाराशी उभी राहिली, जसे सीमारेषेवर मॅनेजर दुर्राणी उभे होते. ती मॅच आपण जिंकलो, पण तुम्ही पायरीवर बसलात, छातीवर हात ठेवून. "गॅस आसा." त्या रात्री डॉक्टरांनी काढलेला ईसीजी ठीक होता, हे मला मान्य आहे. पुढची तपासणी करून घ्या असंही तेच म्हणाले होते, ते तुम्ही सोयीने विसरलात. वेटरचं, टेलरचं, सगळ्यांचं अपील तुम्हाला ऐकू येतं. छातीचं तेवढं ऐकू येत नाही.

मे महिन्यात तुम्ही मुंबईहून आलात की अंगणात माडाच्या झावळीच्या देठाची बॅट तासून द्यायचात. मी आतेदादाला दीप्तीसारखंच बाद केलं होतं, आठवतं? तुम्ही पंच होतात. "परत बोलव त्याका." मी रडत रडत बोलावलं. रात्री पडवीत तुम्ही मला मांडीवर घेऊन फणसाचे गरे भरवलेत, पण निर्णय बदलला नाहीत! तेवढं मात्र तुम्हाला पक्कं जमायचं.

इथलं सगळं लावून ठेवलं आहे. उकडा तांदूळ आणला आहे, सकाळी पेज मिळेल. मधल्या खोलीत पंख्याखाली बाबांचा पलंग, संडास कमोडचा, शेजारी धरायला दांडा बसवला. टीव्हीवर मॅच लागेल. आईला इथं करमत नाही हे ठाऊक आहे, पण तळमजल्यावरच्या मालवणच्या काकी रोज पत्ते खेळायला बोलावतात. गणपतीच्या आठ दिवस आधी मी स्वतः आणून सोडते. माटवी बांधायला बाबा घरी असतील, शब्द देते.

आता ऐका. बाबा, लोणचं आणि सुका बांगडा बंद, आई देईल तरी बंद. आई, तू देऊ नकोस. गोळ्यांची पिशवी आणि ईसीजीचा कागद हातातल्या बॅगेत, सामानात नको. नळ बंद करून चावी शेजारच्या वहिनींकडे. गाय त्यांचा मुलगा बघेल, मी बोलले आहे, त्याला पैसे पाठवले आहेत, तुम्ही परत देऊ नका. बारीकसारीक भेटवस्तू, नारळ, कोकमं काही आणू नका. बरं, आगळाची एक बाटली आणा, त्या सोलकढीची चव अजून जात नाही.

बाबा, तेव्हाचं बोलणं मागे घेते. विश्वनाथचं मात्र नाही.

तुमची,
बाय