हरणांना केळं नको, चारा पिकवू या

मंडळाच्या सर्व सभासदांना आणि हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

सुट्टीत पाहुणे आले की आपल्या इंदुरातल्या नवलख्याजवळच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात एक चक्कर होतेच, आणि पोरांच्या हातात हरणांसाठी केळं नाहीतर बिस्किटाचा पुडा असतो. हौस खरी, पण संग्रहालयातल्या जनावरांना प्रेक्षकांनी काही खाऊ घालायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि मैद्याची बिस्किटं हरणाच्या पोटासाठी नव्हेतच. म्हणून सभागृहामागच्या पडीक जागेत सेंद्रिय चाऱ्याची बाग करून पीक संग्रहालयाला द्यावं, असं मंडळाने ठरवलं आहे. तिथल्या पशुवैद्यांना चालेल तेवढंच द्यायचं, आणि तेही त्यांच्याच हाती.

हत्तीचं पोट आपल्याच्याने भरणार नाही, तो एकटाच दिवसाला शे-दीडशे किलो फस्त करतो. आपली धाव हरणं, कासवं आणि पक्ष्यांपर्यंत. हरणांसाठी लसूणघास. दिवाळीच्या सुमारास पेरला की दोनेक महिन्यांत पहिली कापणी, पुढे महिन्या-महिन्याने, आणि तीन वर्षं तरी पुन्हा पेरणी नाही. हजार चौरस फुटांना पाव किलो बी पुरतं. मात्र ओला घास नुसताच भरपूर खाल्ला तर पोट फुगतं, म्हणून कापून सुकवून, कोरड्या कडब्यात मिसळूनच द्यावा लागतो. कासवांसाठी जास्वंद आणि शेवगा, पक्ष्यांसाठी बाजरी-मका. कडेला शोभेची कण्हेर मात्र कोणी कृपया लावू नये, तिचं पान जनावराला जीवघेणं ठरतं.

हा पाला कच्चाच खाल्ला जाणार, तेव्हा त्यावर रासायनिक फवारणी नाही. मावा ही कीड आली तर निंबोळी अर्क: अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळून दहा लिटर पाणी करायचं. खतासाठी जीवामृत. २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. बेसन नाही असं घर इंदुरात सापडायचं नाही, तेव्हा लाडू-शेव उरकल्यावर डब्याच्या तळाशी उरलेलं आणून द्या. चिकट झालेला जुना गूळही चालेल. ओला कचरा आपण वेगळा काढतोच. त्यातली भाजीची देठं-सालं कंपोस्टसाठी हवी आहेत, शिजवलेलं अन्न नको.

पैसे लागतील ते ठिबकच्या नळ्या, तारेचं कुंपण आणि प्लास्टिकच्या पिंपांसाठी. १०१ रुपयांपासून कितीही द्या, पावती मिळेल. कुणाकडे जुनं पिंप पडून असेल तर पैशांपेक्षा तेच आधी आणा.

वाफ्यांचं काम दर रविवारी सकाळी सात वाजता. खुरपं घरचं आणावं, मंडळाकडे दोनच आहेत. देणगी आणि बी-बियाणं संध्याकाळी कार्यालयात घेतलं जाईल. शेण-गोमूत्राची सोय झाली आहे, त्याची काळजी नसावी.

आपली, कार्यकारिणी