चष्म्याच्या घरातला चमचा

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका असं बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तुम्ही केलंत, त्याचे आभार मात्र जाहीरच मानणार. पहिल्या दुपारी मी जे मुखपृष्ठ काखोटीला मारून आलो होतो, ते बघून तुम्ही हसला नाहीत, हे चारचौघांत सांगण्यासारखं आहे.

आईच्या स्मृतिभ्रंशाच्या सात वर्षांवर लिहिलेलं पुस्तक, आणि त्याचं मुखपृष्ठ मी पुतण्याच्या लॅपटॉपवर तीन रात्री खपून केलेलं. मावळता सूर्य. समोर रिकामी आरामखुर्ची. गळणारी पानं. शीर्षकातला 'विस्मृती' हा शब्द उजवीकडे धुक्यात विरत गेलेला. एवढं सुचल्याचा मला कोण अभिमान! तुम्ही ते चित्र फोनवर घेतलंत, टपाल तिकिटाएवढं केलंत आणि टेबलापलीकडून माझ्यासमोर धरलंत. "वाचा." सूर्य दिसला. खुर्चीच्या जागी एक डाग दिसला. माझ्याच पुस्तकाचं नाव मला वाचता येईना. मग तुम्ही त्यातले रंग काढून ते काळंपांढरं केलंत, तर सूर्य, आभाळ, अक्षरं सगळं एकाच राखाडीत बुडालं. भगव्यावर लाल अक्षरं मला उठून दिसत होती ती फक्त रंगामुळे. उजेड-अंधाराचा फरक त्यात नव्हताच.

आणि मग तुमचा तो प्रश्न. "हे पुस्तक रात्री किती वाजता घेतलं जाईल?"

मला वाटलं, चेष्टा करताय. नंतर उजेड पडला. आई दीड-दोनला उठून दाराची कडी काढायला लागायची. तिला पुन्हा निजवलं की मी फोन घेऊन स्वयंपाकघरात बसायचो आणि शोधत राहायचो, हे असं का होतं, आणखी कुणाकडे होतं का. तेव्हाचा तो मी म्हणजे या पुस्तकाचा वाचक. डोळे चुरचुरताहेत, पडद्याचा उजेड कमी केलाय, अर्धं लक्ष आतल्या खोलीकडे. त्याला धुक्यातली अक्षरं वाचायला लावणं म्हणजे जुलूमच. "आणि सूर्य मावळतोय हे त्याला माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "ते सांगायला तो पुस्तक कशाला विकत घेईल?"

सूर्य माझ्यासाठी होता, हे मान्य करायला मला आठवडा लागला. उपशीर्षकाचंही तसंच. 'स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळताना' ही ओळ मी लाजत लाजत तळाशी टाकली होती. तुम्ही ती उचलून शीर्षकाखाली आणलीत, जवळजवळ तेवढ्याच जाडीत. शोधणारा आजाराचं नाव टाइप करतो, तुमची कविता नाही, असं म्हणालात. ते तेव्हा लागलं होतं, आता सांगतो.

तुम्ही अख्खं हस्तलिखित वाचलंत. मुखपृष्ठासाठी कुणी इतकं वाचत असेल असं मला वाटलं नव्हतं. एका पानावर पेन्सिलीने चौकट करून पाठवलीत आणि खाली लिहिलंत, "मुखपृष्ठ इथे आहे." आईचा चष्मा सापडत नव्हता, मी त्याचं घर उघडलं तर आत चमचा, मऊ फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला, हा तो परिच्छेद. मी म्हटलं, हे विनोदी दिसेल. तुम्ही म्हणालात, "ज्याच्या घरी असं घडलंय, तो हसेल आणि त्याच क्षणी ओळखेल. ज्याच्या घरी घडलं नाही, तो चमचा तिथे कसा, म्हणून उलटून बघेल. दोघांनाही पुस्तक हातात घ्यायला लावलं, आणखी काय हवंय?"

मग मी ते खरंच घर आणलं, बिजागरी ढिली झालेलं, आणि तो चमचा. तुम्ही पुसू दिलं नाहीत. वरून, जरा तिरकं, एकाच बाजूच्या उजेडात छायाचित्र घेतलंत. वरची जवळजवळ अर्धी चौकट मोकळी सोडलीत आणि चमच्याचा दांडा शीर्षकाकडे वळवलात. नजर आपसूक चमच्यावरून अक्षरांवर चढते. आधी मला ती जागा वाया गेल्यासारखी वाटत होती, तिथे निदान एखादं पान तरी गळू द्यावं असं मी सुचवलंही होतं! त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत.

अक्षरांवरून मात्र तुम्ही बोललात, आणि भरपूर. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून मी अक्षरं एकमेकांपासून लांब केली होती. रोमन अक्षरांना ते चालतं, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, हे मी जन्मभर मराठी वाचूनही पाहिलं नव्हतं. 'स्मृ'चा ऋकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसत होता. तुम्ही दोन ओळींत अंतर वाढवलंत आणि बारीक टाइप बदलून जाड घेतलात, कारण गडद रंगात पांढरी बारीक अक्षरं छापताना शाई आत पसरते आणि नाजूक रेषा बुजतात.

रंगाची तर गोष्टच वेगळी. मला भगवा हवा होता, कारण मला आवडतो. तुम्ही पेंग्विन या इंग्रजी प्रकाशनाची आठवण सांगितलीत. १९३५ साली त्यांनी स्वस्त पुस्तकं काढली तेव्हा नारिंगी म्हणजे कथा-कादंबरी, हिरवा म्हणजे गुन्हेकथा, गडद निळा म्हणजे चरित्र. दुरून रंग बघूनच पुस्तकाचा प्रकार कळावा. निळा-पांढरा घेतला असता तर माझं पुस्तक दवाखान्यातल्या माहितीपत्रकासारखं दिसलं असतं. म्हणून गडद तपकिरीवर तो दिव्याखालचा मळकट पिवळा. रात्रीच्या स्वयंपाकघराचाच रंग आहे तो, माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

मलपृष्ठावरून माझा परिचय आणि दोन डॉक्टरांची शाबासकी काढलीत, त्याऐवजी पुस्तकातलेच पाच प्रश्न टाकलेत. "ती मला ओळखत नाही, मग रोज तिच्यासमोर कोण म्हणून जाऊ?" हा पहिला. बारकोड लाल करू या म्हटलं तर कळलं की स्कॅनरचा उजेडच लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात. आणि कणा, म्हणजे पुस्तकाची नाव छापलेली पाठ! सोळा पानांचा एक फर्मा, असं चौदा फर्म्यांचं पुस्तक, २२४ पानं, म्हणजे ११२ पत्रं. ऐन वेळी कागद जाड घेतला आणि ११ मिलिमीटरचा कणा साडेतेरावर गेला. तुम्ही आधीच डमीशिवाय, म्हणजे त्याच कागदाची कोरी नमुना प्रत बांधून पाहिल्याशिवाय, कणा पक्का करायला नकार दिला होतात, म्हणून माझं नाव घसरून मुखपृष्ठावर आलं नाही.

मॅट लॅमिनेशनवर, म्हणजे मुखपृष्ठावरच्या बिनचकाकीच्या पातळ आवरणावर, आपलं जमलं नाही. गडद रंगावर बोटांचे ठसे आणि ओरखडे दिसतील असं सांगितलं होतंत. मी हट्ट केला. दिसताहेत.

परवा एका अनोळखी बाईंचा निरोप आला. पहाटे पावणेतीनची वेळ. पुस्तक अजून घेतलंही नव्हतं त्यांनी, नुसतं मुखपृष्ठ पाहिलं होतं. लिहिलं होतं, "आमच्याकडे साबणाच्या डबीत घड्याळ निघालं." मी तो निरोप तसाच तुम्हाला पुढे पाठवलाय, पाहिला असेलच.

चष्म्याचं घर अजून तुमच्याकडेच आहे. असू द्या, तुमच्या टेबलावर शोभतं. चमचा मात्र पाठवा. सहाचा संच आहे आणि भांडी लावताना ही अजून रोज पाचच मोजते.

तुमचा,
चमचेवाला लेखक