बाळ्या, यंदा दप्तरं पाठवू नका

प्रिय बाळ्या,

शिमग्याला पालखी सहाणेवर बसली होती तेव्हा तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "दादू, आपलं मुंबईचं मंडळ दरवर्षी गावच्या पोरांना दप्तरं वाटतं, त्यावर तुझं मत काय?" मी "मग सांगतो" म्हणून टाळलं. चारचौघांत, तेही मुंबईकर मंडळी हौसेने आलेली असताना, ते बोलवेना. आता गाव परत रिकामा झालाय, पोरं परीक्षेच्या मागे आहेत आणि कोकमाचे रातांबे लाल व्हायला अजून वेळ आहे. तेवढ्यात मनातलं सगळं लिहून काढतो. पत्र लांबेल, पण मंडळाच्या सभेआधी वाच.

यंदा दप्तरं पाठवू नका.

परवा वरच्या पाखाडीत गेलो होतो. एका घराच्या पडवीत खुंटीला आपल्या मंडळाचं दप्तर टांगलेलं, नाव छापलेलं. एक बंद तुटलेला, चेन गेलेली, आत सोललेली सुपारी भरून ठेवलेली. शेजारच्या खुंटीला मागच्या वर्षीचं, त्याच्या शेजारी त्याआधीचं. घरात शाळेत जाणारी एकच मुलगी, चौथीतली. तिन्ही दप्तरं तिचीच. मी ओटीवर बसलो आणि तिला म्हटलं, बाय, एक धडा वाचून दाखव बघू. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत होती. 'समुद्र' आला आणि तिथे थांबली. 'स', 'मु', आणि पुढचं जोडाक्षर काही केल्या सुटेना. त्या घरातून समुद्राची गाज ऐकू येते, बाळ्या. मला तिथे बसवेना.

ही तीच मुलगी, जी अभ्यासिका बंद पडल्यावर चार संध्याकाळी आपली चटई घेऊन धर्मशाळेच्या कुलपासमोर येऊन बसत होती. तुला त्याबद्दल मी फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. एका सज्जन गृहस्थांनी महिना चार हजार कबूल केले, डी. एड. झालेली आपल्याच गावची सून सहा ते साडेसात मुलांना घेऊन बसू लागली. आठ महिने उत्तम चाललं. मग त्यांचा धंदा मंदावला आणि पैसे थांबले. त्यांना मी बोल लावत नाही, दिलं ते मनापासून दिलं होतं. पण ती सून दापोलीत दुकानात नोकरीला लागली आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे आली. मी आठवडाभर स्वतः बसून पाहिलं. मी पडलो पोस्टातला माणूस. शिकवणं ही वेगळी विद्या आहे, ती मला नाही. पाचव्या दिवशी मुलं कमी झाली, आठव्या दिवशी मीच कुलूप लावलं. ते कुलूप लावतानाचा आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. आपण देतो त्यात कमी नाही, पण आपण दिलेलं टिकत नाही. तीस वर्षं मी या खाडीच्या दोन्ही काठांवर मनीऑर्डरी वाटल्या. दहा तारखेला दिलेली मनीऑर्डर पंचवीसला संपलेली असायची आणि म्हातारी पुन्हा वाटेकडे डोळे लावून बसलेली असायची. त्या पैशाने घरं तगली, हे खरंच. पण ज्या घरांनी त्यातलेच थोडे बाजूला काढून एखादी म्हैस घेतली, चार कलमं लावली, त्या घरांच्या पुढच्या पिढीला वाटेकडे बघावं लागलं नाही. तू बँकेत जन्म काढलास, तुला मुद्दल आणि खर्च यातला फरक मी काय सांगू.

आणि हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. आपल्या शेजारच्या मुरूडकरांनी सव्वाशेच्या वर वर्षांपूर्वी हेच केलं. धोंडो केशव कर्वे मुंबईत होते तेव्हा त्यांनी मुरूड फंड काढला. नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या मुरूडच्या माणसांनी आपल्या मिळकतीतून गावाच्या कामासाठी नियमाने टाकायचं. सठीसामाशी कोणी उदार झाला म्हणून नव्हे, घरभाडं द्यावं तसं. तळेगावचा काचेचा कारखानाही पैसा फंडातून उभा राहिला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून तो फंड जमवला होता. एका पैशाचं दान होत नाही रे, पण हजारो पैसे एका ठिकाणी आले की भांडवल होतं.

बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावात ४२ जणांना मिळून अवघे २७ डॉलर उसने दिले, तिथून पुढे गरिबांना तारणाशिवाय छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी राहिली, हे तुला ठाऊकच आहे. मला त्यांची त्यानंतरची गोष्ट जास्त पटते. ते म्हणतात, असा धंदा काढा की ज्यात पैसे घालणाऱ्याला त्याचं मुद्दल परत मिळेल पण नफा मिळणार नाही. नफा कामातच राहील. मी तर आपल्या मंडळींना मुद्दलही परत मागू नका असंच म्हणेन. मुद्दल गावात ठेवा, फक्त ते खाऊ देऊ नका.

तू शिमग्यात सोशल स्टॉक एक्सचेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभारायला शेअर बाजारात काढलेल्या वेगळ्या विभागाचं, विचारत होतास. मी वाचून काढलं. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, २०२२ मध्ये शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने नियम केले. तिथे संस्था 'झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल' रोखे काढते. व्याज शून्य, मुद्दलही परत नाही. म्हणजे दानच ते. पण संस्थेला ठरल्या मुदतीत काय केलं, किती मुलांचं काय झालं, हे उघड सांगावं लागतं. आपल्यासारख्या वाडीच्या मंडळाला ते झेपणारं नाही, त्यांचे आकडे लाखा-कोटींचे. पण त्यातली एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे: देणाऱ्याला पैसे परत नकोत, पण हिशोब हवा, आणि तो हिशोब मुलांचा हवा. आपला अहवाल काढून बघ. 'दप्तरे वाटली, वह्या वाटल्या, फोटो.' कोण वाचायला शिकलं, ते कुठेच नाही.

राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेने २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं याच्या नेमकं उलट करून दाखवलं. कामाला पैसे आधी यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने घातले. शाळेबाहेरच्या मुली शाळेत आल्या आणि मुलं खरंच शिकली, तरच दुसरी एक संस्था ते पैसे फेडणार होती. मोजणी तिसऱ्याच्याच हाती. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचा आकडा खूप मागे होता. पण मोजत होते म्हणूनच तो मागे आहे हे वेळेत कळलं आणि कामाची पद्धत बदलता आली. शेवटी पटनोंदणी ठरल्याच्या ११६ टक्के झाली आणि शिकण्यातली प्रगती १६० टक्के. मला त्यातल्या १६० पेक्षा ते दुसरं वर्ष मोलाचं वाटतं. आपण मोजलंच नाही, म्हणून ती पोर तीन दप्तरांची मालकीण झाली आणि 'समुद्र'वर अडली.

आता माझा बेत ऐक, आणि बँकवाल्याच्या नजरेने त्यात भोकं काढ.

आपल्या गावच्या बचत गटात अकरा बायका आहेत. मे महिन्यात त्या आमसुलं करतात. तू लहानपणी पाहिलं आहेस, पण आता कामाच्या नजरेने बघ. रातांबा फोडायचा, बिया आणि गर वेगळा करायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत रसात, परत उन्हात. अशी पुटांवर पुटं चढली की काळंभोर, मऊ आमसूल होतं. सगळा खेळ उन्हाचा. मे संपता संपता आभाळ भरून आलं की अर्ध्यावरची आमसुलं ओलसर राहतात, बुरशी धरते, आणि व्यापारी त्याच ओल्या मालावर बोट ठेवून सगळ्याचाच भाव पाडतो. गेल्या वर्षी गटातल्या एका वहिनीने दोन पाट्या माल उकिरड्यावर टाकताना मी पाहिलं. तिच्या कोपरापर्यंतचे हात रसाने लाल झालेले होते आणि ती काहीच बोलत नव्हती.

त्यांना सोलर ड्रायर हवा, स्टीलच्या टाक्या हव्यात, रातांब्याच्या खारवलेल्या रसाचं आगळ भरायला बरण्या आणि अन्न परवाना हवा. माझ्या चौकशीप्रमाणे सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या घरात जातं. मंडळाने ते विकत घ्यावं, मालकी मंडळाची, वापर गटाचा, आणि गटाने वर्षाला तीस हजार भाडं द्यावं. रातांब्यांनंतर त्याच ड्रायरवर फणसपोळी, आंबापोळी होईल. माल साठवायला लागणारं खेळतं भांडवल गट आपल्या नावावर बँकेकडून घेईल. शेती आणि ग्रामीण विकासाच्या नाबार्ड बँकेने १९९२ पासून बचत गट बँकांना जोडले ते त्यासाठीच. भाड्याचे पैसे थेट अभ्यासिकेला.

तीस हजारांतले सहा हजार मी आधीच बाजूला काढून ठेवणार. ड्रायरवरचा प्लॅस्टिकचा कागद उन्हाने दर काही वर्षांनी विरतो, तो बदलायला. उरले चोवीस. शिक्षिकेचे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे निम्मे. उरलेले निम्मे मंडळाच्या वर्गणीतून, दप्तरांवर जात होते त्यातलेच. मी कोणाला खोटी आशा दाखवत नाही, आमसुलांवर सगळी अभ्यासिका चालणार नाही. पण निम्मा पगार तरी कोणाच्या धंद्याच्या चढउतारावर टांगलेला राहणार नाही. आणि पहिल्या वर्षाचा पूर्ण पगार आधी खात्यात जमा झाल्याशिवाय मी धर्मशाळेचं कुलूप उघडणार नाही. एकदा उघडून बंद केलं, आता नाही. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, हर्णैच्या बंदरावर मासळी निवडायला जाणाऱ्या आयांच्या हाताला काम नसतं. नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते आणि तेव्हाच पैसा आटतो. म्हणून वर्षाचा पैसा आधी.

दापोलीतल्या सीएंना विचारलं. ते म्हणाले, मंडळासारख्या ट्रस्टने गटाला उसने पैसे देण्याच्या भानगडीत पडू नये, धर्मादाय आयुक्तांकडे उत्तरं देत बसाल. मालमत्ता घेऊन भाड्याने द्या, रीतसर ठराव करा, आणि या उत्पन्नाची वही वेगळी ठेवा. लोकांकडून घेताना आयकर सवलतीची पावती द्या, दोन हजारांच्या वर रोख घेऊ नका, सवलत मिळत नाही. मुंबईतली शंभर घरं गृहीत धर, घरटी तीन हजार. पावतीवर देणगीच लिहू, पण सभेत सांगताना 'भाग' म्हण. भागधारक वर्षाला येऊन विचारतो की माझ्या पैशाचं काय केलंत. देणगीदार फक्त फोटो मागतो. मला विचारणारी माणसं हवी आहेत.

कोणी म्हणेल, दादू, मग दान वाईट का? तसं नाही रे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुम्ही ताडपत्र्या आणि धान्य पाठवलंत, ते आलं नसतं तर आम्ही काय केलं असतं कोण जाणे. उपाशी पोराला हिशोब विचारायचा नसतो. पण ताडपत्री दोन पावसाळे टिकली, आणि आडव्या झालेल्या पोफळी परत धरायला सहा-सात वर्षं लागतात. मधल्या वर्षांत तीन घरांतली मोठी मुलं शाळा सोडून मुंबईला हॉटेलात लागली. त्या मधल्या वर्षांसाठी आपल्याकडे काहीच नव्हतं. मला या फंडातून ती मधली वर्षं भरून काढायची आहेत.

अजून एक, मग थांबतो. मंडळाने मागे शाळेभोवती कोकमाची रोपं फुकट लावली होती, आठवतं? बियांपासून केलेली, स्वस्तातली. आता ती फुलावर आली. बावीस झाडांतली दहा नर निघाली. रोपाकडे बघून कोकमाचा नर-मादी कळत नाही, फुलं येईपर्यंत सात-आठ वर्षं थांबावं लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कलमं घेतली असती तर चार पैसे जास्त गेले असते, पण फळणारी झाडं लागली असती. त्या नर झाडांखाली पोरं सावलीत खेळतात, तेवढं बरं आहे. ड्रायर घेताना मला परत स्वस्तातलं नको, हे तू सभेत ठासून सांग.

सभेत विरोध होईल, मला माहीत आहे. दप्तरं वाटताना स्टेजवर बसायला मिळतं, ड्रायरसमोर कोण फोटो काढणार. त्यांचंही मन मोडू नकोस; त्यांना म्हण, भाऊ, दिवाळीत येऊन मुलांचं वाचन ऐका, खुर्ची मी देतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस काढून ये. वहिनींनाही आण. गटाच्या बायकांनी तुझ्यासमोर हिशोब मांडायचं कबूल केलंय, त्यातल्या दोघी आकड्यात माझ्यापेक्षा पक्क्या आहेत. येताना मंडळाची मागल्या पाच वर्षांची वही आण, दप्तरांवर नेमकं किती गेलं ते मला बघायचंय. एस.टी. पहाटे साडेपाचला फाट्यावर येते, मी कंदील घेऊन उभा राहीन, रस्त्यावरचा दिवा गेल्या आठवड्यापासून बंद आहे.

आणि त्या चौथीतल्या पोरीला मी रोज संध्याकाळी ओटीवर बोलावतो. शिकवत नाही, नुसता शेजारी बसतो. काल ती 'समुद्र'पर्यंत आली, थांबली, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली.

तुझाच,
दादू