दोन माणसांचा स्वयंपाक

इंदूर, श्रावण

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा शेजारच्या काकूंचा फोन आला नसता तर मला काही कळलंच नसतं. आई, तुझ्या मनगटाला प्लॅस्टर घातल्याला आज बारा दिवस झाले. रोज रात्री नऊला मी विचारते, "जेवलात का?" आणि रोज बाबा म्हणतात, "हो, झालं आमचं." काकू म्हणाल्या, पोळ्यांच्या बाई सकाळी येतात, वरण-भात आणि भाजीही टाकून जातात, दुपारचं नीट होतं. रात्री मात्र तुम्ही दोघं चहात टोस्ट बुडवून खाता आणि गोळ्या घेऊन झोपता.

मी रागावलेली नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. आईची साखर, बाबांचं बीपी, आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या त्या गोळ्या, एवढंच डोक्यात फिरत होतं. डबा लावून पाहिलात आणि दोन दिवसांत बंद केलात, तेही काकूंनीच सांगितलं. ते बरोबरच केलंत. भाजीवर बोटभर तवंग असलेला डबा या वयात रोज कसा खाणार?

मग पहाटे एक गोष्ट लक्षात आली. गेली चार वर्षं मी या खोलीत जे करून खाते ते तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे. मी प्रयोगशाळेतून साडेआठला परतते, उभं राहायचं त्राण नसतं. म्हणून माझं सगळं एका भांड्यात होतं, वीस-पंचवीस मिनिटांत होतं आणि त्यातली निम्मी मिनिटं खुर्चीवर बसून काढता येतात. लाटायचं नाही, तळायचं नाही, वाटणघाटण नाही. आईचे गुडघे आणि बाबांची कवळी या दोघांनाही हेच हवंय.

आई, मी इंदूरला निघाले तेव्हा तू लिहून दिलेली वही अजून माझ्या फडताळात आहे. तिच्यात पानोपानी "अंदाजाने" असं लिहिलंय. मला तो अंदाज यायला वर्ष गेलं. बाबांना तर मोजल्याशिवाय काही करवतच नाही, सगळी नोकरी हिशेबात गेली. म्हणून खाली सगळं वाटीच्या मापाने लिहिते. वाटी म्हणजे आपली स्टीलची आमटीची, जिच्या काठावर आजीचं नाव कोरलंय ती. चमचा म्हणजे पोह्यांचा.

सुरुवात खिचडीपासून करा. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, दोन-तीन पाण्यांनी धुऊन. एक वाटी दुधीचा कीस किंवा घोसाळ्याच्या फोडी. (इथे मंडईत घोसाळी मागितली की कुणाला कळत नाही, गिलकी म्हणावं लागतं.) साडेचार वाट्या पाणी, हळद, हिंग, थोडं जिरं, मीठ पाऊण चमचा, आणि एक चमचा तूप आतच घालायचं. तूप चवीसाठी आहेच, पण डाळीचा फेसही त्यामुळे कमी येतो. चार शिट्ट्या झाल्या की बंद करा. झाकण आपोआप पडेपर्यंत हात लावू नका, दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात टीव्हीवरच्या बातम्या होतात.

बाबा, एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. खिचडीचा कुकर अर्ध्याच्या वर कधीही भरायचा नाही. पहिल्या वर्षी मैत्रिणी जेवायला आल्या म्हणून मी तिप्पट खिचडी लावली. डाळीचा फेस वर आला, टरफलं शिट्टीच्या भोकात अडकली आणि मग एकदम पिवळं पाणी फवाऱ्यासारखं भिंतीवर, छतावर, माझ्या मनगटावर. भाजलं ते चार दिवसांत बरं झालं, पण त्या दिवसापासून मी कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या भोकातून पलीकडचं दिसतंय ना ते बघते. तुम्हीही रोज बघायचं. आई, बाबा विसरले तर तू आठवण करून दे.

दुसरी उकड. ही खास बाबांसाठी, कारण आजीच्या हातच्या उकडीची आठवण त्यांनी मला कितीदा सांगितली आहे. पाऊण वाटी तांदळाची पिठी, अडीच वाट्या आंबटसर ताक. पातेल्यात आधी गार ताकात पिठी कालवून घ्यायची, मीठ घालायचं, एकही गुठळी ठेवायची नाही. मग कढईत दोन चमचे तेलाची फोडणी: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, एक हिरवी मिरची चिरून. आई चातुर्मासात लसूण खात नाही, म्हणून पेरभर आलं किसून घाला. कार्तिकी झाल्यावर चार पाकळ्या लसूण ठेचून घाला, चव वेगळीच लागते. त्यावर कालवलेलं ताक ओतायचं आणि मंद आचेवर हलवत राहायचं. पाचेक मिनिटांत डावाला जड लागायला लागतं. मग झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या. ताटलीत घेतल्यावर मधे खळगा करून कच्चं तेल.

बाबा, मी सहावीत असताना आई आजोळी गेली होती आणि तुम्ही पिठलं केलं होतं, आठवतंय? उकळत्या पाण्यात कोरडं बेसन घातलं आणि त्याच्या गोट्या झाल्या. तुम्ही डावाच्या पाठीने एकेक गोटी कढईच्या कडेला चेपून मोडत होतात आणि घामाघूम झाला होतात. मी ते पिठलं पोटभर खाल्लं होतं. त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं, फक्त क्रम उलटा झाला होता. पीठ गरम पाण्यात पडलं की बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठाला पाणी पोचतच नाही. गार ताकात आधी कालवलं की प्रत्येक कण ओला होतो, मग तापवताना सगळे एकदम फुगतात. उकडीला, पिठल्याला, कढीच्या बेसनाला, सगळ्याला हाच नियम. म्हणून म्हणते, तुम्हाला स्वयंपाक येत नाही असं मनात धरून बसू नका.

आता पोहे. आपल्या घरचे पोहे कढईत तेलावर परतलेले. इथले तसे नसतात. भंवरकुआंच्या कोपऱ्यावर सकाळी सहालाच ठेला लागतो. खाली पातेल्यात पाणी उकळत असतं आणि वर परातीत पिवळ्या पोह्यांचा ढीग, कडेकडेने वाफ निघत असते. ठेलेवाला कडेचे पोहे उलथन्याने वर घेतो, कागदावर ठेवतो, वर शेव, कांदा, लिंबू आणि चिमूटभर जीरावन, म्हणजे इथला चटपटीत कोरडा मसाला, भुरभुरतो. अकरा वाजता गेलं तरी पोहे पहिल्या ताटलीइतके मऊ असतात. लोक सोबत जलेबी घेतात. दिवाळीनंतर परत येऊन मी ते खाल्ले तेव्हा बाबांनाच दाखवावेसे वाटले, कारण गेल्या दिवाळीत परतलेल्या पोह्यांचा एक टणक कण कवळीखाली गेला आणि तुम्ही ताटली बाजूला सारलीत, ते मी पाहिलं होतं.

दोन वाट्या जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचे आणि निथळत ठेवायचे. पाच-सात मिनिटांनी बोटांत चेपले पाहिजेत. मीठ, एक लहान चमचा साखर आणि हळद पोह्यांनाच चोळायची, फोडणीत नाही. आईसाठी साखर वगळा, काही बिघडत नाही. पळीत दोन चमचे तेल, मोहरी, अर्धा चमचा बडीशेप, मिरचीचे तुकडे, आणि ती फोडणी पोह्यांवर. मग पातेल्यात दोन भांडी पाणी उकळत ठेवून त्यावर तीच चाळणी, वर झाकण, दहा मिनिटं. पाण्याला चाळणी टेकता कामा नये. बडीशेप विसरू नका, इंदुरी पोह्यांचा वास तिचाच असतो. जीरावनची पुडी पार्सलमध्ये आहे. त्यात मीठ आणि काळं मीठ असतं, म्हणून ते घालायचं असेल त्या दिवशी पोह्यांत मीठ निम्मंच. बाबांच्या बीपीसाठी हे सांगायलाच हवं.

उरलेल्या पोळ्यांचं मी वरणफळांसारखं करते. आमटी थोडी पातळ करायची, पोळीचे चौकोनी तुकडे उकळीत टाकायचे, पाच मिनिटांत लुसलुशीत होतात. लाटायचं काहीच नाही. एवढंच.

शेवटचं थोडं वेळखाऊ आहे, ते रविवारी करा. भुट्ट्यांचा कीस. तुमच्याकडेही आता कोवळी कणसं आली असतील. गेल्या शनिवारी मैत्रिणीबरोबर सराफ्यात गेले होते. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं, रात्री ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले. एका द्रोणात गरम कीस घेतला आणि पहिल्या घासालाच बाबा डोळ्यांसमोर आले. पावसाळ्यात ऑफिसातून येताना सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून तुम्ही निखाऱ्यावर भाजलेली कणसं आणायचात. कागद ओला झालेला, मीठ-लिंबू लावलेलं. आता तुम्हाला कणीस चावत नाही, म्हणून तुम्ही आणणंच सोडलंत. कीस चावावा लागत नाही, बाबा.

चार कोवळी कणसं किसणीवर किसायची, किसताना पांढरं दूध गळतं ते खाली परातीतच राहू द्या. पांढरा बुंधा दिसू लागला की थांबायचं. हे काम बाबांचं, आईने हात लावायचा नाही. कढईत दोन चमचे तूप, मोहरी, जिरं, हिंग, मिरची. त्यावर कीस घालून मंद आचेवर परतत राहा. आधी तो चिकट लागतो, खाली धरतो, तेव्हा घाबरू नका, खरवडत राहा. आठ-दहा मिनिटांत रंग गडद पिवळा होतो आणि भाजल्या कणसाचा वास सुटतो. तो वास आल्याशिवाय दूध घालायचं नाही. मग एक वाटी दूध तीन वेळा थोडं थोडं करून, दर वेळी आटू द्यायचं. मीठ, झाकण, एक वाफ. लिंबू मात्र खाली उतरवल्यावर पिळायचं, शेगडीवर असताना पिळलं तर दूध फाटतं. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. मका गोडसर असतो, म्हणून आईने एकच वाटी घ्यायची.

आणखी एक. सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायची आपल्या घरची सवय या दमट हवेत धोक्याची आहे. निवला की लगेच फ्रिजमध्ये, आणि रात्री हवा तेवढाच काढून पाणी शिंपडून चांगला वाफवून घ्या. पुन्हा गरम केला की झालं, असं नाही. बाहेर बराच वेळ राहिलेल्या भातात जे तयार होतं ते उकळूनही जात नाही.

पार्सल गुरुवारपर्यंत पोचेल. त्यात इंडक्शनची शेगडी आणि तीन लिटरचा स्टीलचा कुकर आहे. बाबा दोनदा गॅस सुरू ठेवून बाहेरच्या खोलीत येऊन बसले, हे आईने मला मे महिन्यात सांगितलं होतं. ही शेगडी टायमर लावला की आपणच बंद होते. तिच्यावर आपला जुना ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. इतर भांड्यांसाठी फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक काढून बुडाला लावून बघा, घट्ट चिकटला तर ते भांडं चालेल. फोडणीची लोखंडी कढई चालते. पैशांचं मनात आणू नका. फेलोशिपचे मागचे तीन महिने एकदम जमा झालेत, आणि तुम्ही माझ्यासाठी कधी हिशेब मांडला नाहीत.

आई, स्वयंपाकघराच्या दारात वेताची खुर्ची टाकून बस आणि तिथूनच सांग. उठून डाव हातात घेऊ नकोस, प्लॅस्टर निघायला अजून महिना आहे. तुला बसून बघणं जड जाईल, मला माहीत आहे. चाळीस वर्षं त्या ओट्यापुढे दुसरं कुणी उभं राहिलेलं तू पाहिलं नाहीस. पण बाबांना मीठ पडलं का, फोडणी करपली का, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

शुक्रवारी मी लवकर परतणार आहे. साडेसातला व्हिडिओ कॉल लावते. फोन फडताळाच्या दुसऱ्या कप्प्यात, चहाच्या डब्याला टेकवून उभा करा, म्हणजे कढई दिसेल. मीही इथे उकड लावते, दोन्हीकडे एकदमच होईल. बाबा, ताक सकाळीच आणून ठेवा, आणि फ्रिजमध्ये न ठेवता बाहेरच राहू द्या, संध्याकाळपर्यंत हवं तेवढं आंबट होईल.

तुमची,
धाकटी